पहाटे साडेपाचला पाढे कोण म्हणतं?

सोसायटी ग्रुप, गंगापूर रोड, नाशिक
बुधवार

सी-१०२ जोगळेकर काका (६:०४): सर्वांना सुप्रभात. गेले पंधरा दिवस पहाटे साडेपाचला आमच्या बेडरूमच्या खिडकीखालून कोणीतरी धपाधप पळत जातं. एकदा नाही, दहा-बारा वेळा. वर तोंडाने पाढे चालू असतात. हिला मायग्रेन आहे, रात्री दोन-दोन वाजता डोळा लागतो. मी कोणाचं नाव घेत नाही. संबंधितांनी समजून घ्यावं 🙏

बी-१०१ रोहन (६:११): पाढे??

ए-२०४ निकम वहिनी (६:१३): अगं बाई, मला वाटलं शेजारच्या बंगल्यातला मुलगा स्कॉलरशिपची तयारी करतोय

सेक्रेटरी बोरस्ते (६:२०): काका, नोंद घेतली आहे. सर्व सभासदांनी आतल्या रस्त्यावर शांतता राखावी.

सी-१०२ जोगळेकर काका (६:२२): नोंद तुम्ही पाण्याच्या मोटारीचीही घेतली होती. गणपतीच्या आधी. मोटार अजून पाचलाच लागते.

सेक्रेटरी बोरस्ते (६:२४): मोटारीचा विषय वेगळा आहे काका. तो जनरल बॉडीत झालाय.

सी-१०२ जोगळेकर काका (६:२५): झाला नाही. मांडला गेला.

बी-६०३ मानसी (७:३५): काका, ती मी. सॉरी. मुलाच्या स्कूल बसची गडबड होती म्हणून उशिरा लिहितेय. काकूंना मायग्रेन आहे हे माहीत होतं, पण तुमची बेडरूम त्या बाजूला आहे हे खरंच लक्षात आलं नाही. मी रोज नसते, सोम-बुध-शनि असते.

सी-१०२ जोगळेकर काका (७:३९): तीन दिवस असो की सात, झोप मोडायची तेव्हा मोडतेच.

ए-५०१ पाटील काका (७:४१): पळणे टाळा. गुडघे जातात. चालणे हाच सर्वोत्तम व्यायाम. मी ६८ व्या वर्षी दर रविवारी पांडवलेणी चढतो.

ए-२०४ निकम वहिनी (७:४४): दादा उद्या अर्धा लिटर जास्त टाका, पाहुणे आहेत

ए-२०४ निकम वहिनी (७:४४): सॉरी सॉरी, दूधवाल्याला पाठवायचा होता

बी-१०१ रोहन (७:४६): मानसीताई, पण पाढे का?

बी-६०३ मानसी (८:१०): सगळं सांगते, म्हणजे गैरसमज नको.

मला पळायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही. आठवीत पीटीच्या तासाला ग्राउंडला दोन राऊंड असायचे आणि शेवटच्या मुलीसाठी अख्खा वर्ग रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायचा. वर्षभर ती शेवटची मुलगी मीच होते. सरांना वाटायचं की हे प्रोत्साहन आहे. त्यानंतर तीस वर्षं मी रस्ता क्रॉस करतानासुद्धा पळाले नाही.

दिवाळीनंतर नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडताना पुलाचा एकच जिना पळत चढले. डब्यात बसल्यावर बराच वेळ डोळ्यांपुढे अंधारी. मग तपासण्या केल्या. ईसीजी नीट निघाला, पण शुगरचा तीन महिन्यांचा आकडा ६.१ आला. डॉक्टर म्हणाले, डायबिटीस नाही, पण काठावर आहात. माझी आई याच काठावरून पलीकडे गेली. म्हणून सुरू केलं.

बी-६०३ मानसी (८:१८): पहिल्यांदा गोल्फ क्लबवर गेले. सगळे पळतात तशी पळाले. अर्ध्या राऊंडमध्ये उजव्या बरगडीखाली कळ आणि तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव. दोनदा तेच झालं, मग जायचं बंद केलं. लिफ्टमध्ये फिजिओ देवरे मॅडम भेटल्या. त्या म्हणाल्या, तू पळत नाहीस, सुटतेस. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग जास्त आहे, मग तो कितीही कमी असला तरी. आता पहाटे एकटीने कोणाशी बोलणार? म्हणून पाढे म्हणते. मध्येच दम लागला की हळू होते. सुरुवातीला बाराच्या पाढ्याला थांबावं लागायचं. आता एकोणतीसपर्यंत जाते.

सी-१०२ जोगळेकर काका (८:२१): एकोणतीस सक एकशे चौसष्ट नाही. एकशे चौऱ्याहत्तर. सोमवारीही चुकलं होतं, आजही चुकलं.

बी-१०१ रोहन (८:२२): म्हणजे काका, तुम्ही नीट ऐकताय 😀

सी-१०२ जोगळेकर काका (८:२३): बँकेत ३४ वर्षं काढली आहेत. चुकीचा आकडा कानावर आला की झोप लागत नाही. यात हसण्यासारखं काही नाही.

ए-३०३ सानप (८:३०): मानसी मॅडम, कविता राऊतच्या जिल्ह्यात राहता आणि एका राऊंडला दमता? सावरपाड्यासारख्या पाड्यावरची मुलगी. २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुलला १०,००० मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूला आशियाई स्पर्धेत रौप्य. मनाची तयारी हवी.

बी-६०३ मानसी (८:३६): सानप भाऊ, कविता राऊतबद्दल मला अतिशय आदर आहे. दिल्लीची ती शर्यत मी टीव्हीवर पाहिली, डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ज्याला पळणं नकोसं वाटतं त्याच्यासमोर पदक ठेवलं की तो परत घरी बसतो. शाळेत आमच्यासोबत हेच झालं. पहिल्या नंबरच्या मुलीकडे बघायला सांगायचे, शेवटच्या मुलीला हळू पळ असं कोणी सांगितलंच नाही.

बी-३०४ आहेर सर (८:४०): एक दुरुस्ती. गोल्फ क्लब म्हणू नये. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ज्या मुलाने १९०९ साली याच शहरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि जो फासावर गेला, त्याचं नाव घ्यायला आपल्याला जड का जावं?

बी-१०१ रोहन (८:४२): सर, रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो विचारतो, म्हणजे गोल्फ क्लब का

ए-५०१ पाटील काका (८:४४): पळणे टाळा. गुडघे जातात. चालणे हाच सर्वोत्तम व्यायाम.

ए-२०४ निकम वहिनी (८:५०): पण मानसी, मैदान आहे, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, मग आतच का गं पळतेस?

बी-६०३ मानसी (८:५५): साडेपाचला अंधार असतो वहिनी. गेटबाहेरचे दोन दिवे महिन्याभरापासून बंद आहेत. आणि वळणावर पाच-सहा कुत्री. चालणाऱ्याला काही करत नाहीत, पळणाऱ्याच्या मागे लागतात. सहा पन्नासला मुलाची बस. त्याआधीच मला वेळ असतो.

ए-३०३ सानप (८:५८): त्या कुत्र्यांना वळणावर पोळ्या कोण घालतं, ते सगळ्यांना माहीत आहे

सी-३०१ गायधनी ताई (९:०१): माझ्याकडे बोट असेल तर सरळ नाव घ्या. त्या सगळ्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस मी स्वखर्चाने केली आहे. ग्रुपवर तेव्हा कोणी थँक्यू लिहिलं नव्हतं.

ए-३०३ सानप: हा मेसेज डिलीट करण्यात आला

सेक्रेटरी बोरस्ते (९:०६): कृपया विषय भरकटवू नये. दिव्यांची तक्रार केलेली आहे, पाठपुरावा चालू आहे.

सी-१०२ जोगळेकर काका (९:०८): मोटारीसारखा?

सी-४०१ डॉ. देवरे, फिजिओ (१:१५): आत्ता वाचलं सगळं. पाटील काका, तुमचं चालणं आणि पांडवलेणी उत्तमच आहे, सोडू नका. पण गुडघ्यांचं सरसकट खरं नाही. गुडघा आणि खुब्याच्या झिजेवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये आला होता. हौशी पळणाऱ्यांमध्ये झीज ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांमध्ये १३.३. म्हणजे जपून राहायचं आहे ते अतिरेकापासून, आणि बसून राहण्यापासूनही. ज्यांना आधीच गुडघ्याचं दुखणं आहे, बीपी किंवा छातीचा त्रास आहे, त्यांनी मात्र विचारल्याशिवाय सुरू करू नये.

ए-५०१ पाटील काका (१:२०): आकडे काहीही सांगतील. माझ्या मेहुण्याचे दोन्ही गुडघे बदलले.

सी-४०१ डॉ. देवरे, फिजिओ (१:२१): ते पळायचे का?

ए-५०१ पाटील काका (१:२६): नाही. बँकेत होते.

सी-१०२ जोगळेकर काका (१:२७): बँकेचा काय संबंध?

सी-४०१ डॉ. देवरे, फिजिओ (१:३३): मानसी, काकांच्या तक्रारीत तुझ्या कामाची गोष्ट आहे. धपाधप आवाज येतो म्हणजे पाऊल लांब पडतंय आणि टाच पुढे आपटतेय. नडगी दुखते का?

बी-६०३ मानसी (१:४०): हो, दुखते. पुढच्या बाजूला, हाडाच्या कडेला. मला वाटलं सवयीने जाईल.

सी-४०१ डॉ. देवरे, फिजिओ (१:४४): दुखणं दाबून पळू नकोस, दोन-तीन दिवस नुसती चाल. मग पावलं लहान आणि जास्त टाक. पाऊल शरीराच्या खाली पडू दे, पुढे फेकू नकोस. वेग तोच ठेव. गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि आवाजही. कानाला आपलं पाऊल ऐकू येणार नाही असं पळायचं.

बी-१०१ रोहन (२:०५): मी कॉलेजला असताना काउच टू फाइव्ह के केलं होतं. १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या माणसाने पन्नाशीतल्या आईसाठी बनवलेला, न पळणाऱ्याला पाच किलोमीटरपर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आहे. आठवड्यात तीन दिवस. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. मी चौथ्या आठवड्यात सोडलं, मिसळ जिंकली

ए-३०३ सानप (२:०७): रविवारी मिसळीला कोण कोण येतंय? चार जण झाले तर मी गाडी काढतो

ए-२०४ निकम वहिनी (२:०८): आम्ही दोघं

बी-१०१ रोहन (२:०८): मी पण

बी-३०४ आहेर सर (४:३०): या निमित्ताने मुलांसाठी लिहितो. पळून झाल्यावर जे बरं वाटतं त्याचं श्रेय सगळे एंडॉर्फिनला देतात. पण रक्तातलं एंडॉर्फिन सहजासहजी मेंदूत शिरत नाही. संशोधकांचं लक्ष आता दुसऱ्या एका रेणूकडे आहे, जो शरीर स्वतःच बनवतं. १९९२ साली जेरुसलेममध्ये तो सापडला आणि शोधणाऱ्यांनी नाव ठेवलं आनंदामाइड. आपल्या संस्कृतातला ‘आनंद’. २०१५ मध्ये जर्मनीत उंदरांवर प्रयोग झाला. या गटातल्या रेणूंची मेंदूतली जागा औषधाने अडवली, तर पळूनही उंदरांची भीती कमी होईना. एंडॉर्फिनची जागा अडवली तर तसा फरक पडला नाही. शाळेत असतो तर फळ्यावर काढून दाखवलं असतं.

बी-६०३ मानसी (५:१०): सर, किती छान. मुलाला वाचून दाखवलं.

माझं खरं सांगू का, पहिला दीड महिना काहीच आनंद नव्हता. आवडायचं ते फक्त संपल्यावर बी-विंगच्या पायऱ्यांवर बसणं. शर्ट पाठीला चिकटलेला, कान गरम आणि समोर पारिजातकाचा सडा. आठ मिनिटं बसायचे, आणि त्या आठ मिनिटांसाठी आधीची वीस काढायचे. स्वतःला एवढंच सांगितलं होतं की कमी पळ, पण बसायचं चुकवू नकोस. किती अंतर झालं ते बघायचं बंद केलं, घड्याळ घरी ठेवलं. दमायच्या आधी चालायला लागायचे, दमल्यावर नाही. त्याने फार फरक पडला. शेवटच्या फेरीलाही अंगात थोडं उरलेलं असायचं.

मग पौषातल्या एका पहाटे, निफाडला पारा खूप खाली गेला होता त्या आठवड्यात, तेविसाचा पाढा संपला आणि लक्षात आलं की चालायची वेळ कधीच होऊन गेली होती. मी पळतच होते. पायाखाली फुलं चुरडली जाऊ नयेत म्हणून नकळत वळून जात होते. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. मला त्या क्षणी पळणं आवडलं. अजूनही प्रत्येक वेळी आवडत नाही. चारांतून एकदा आवडतं. तेवढं पुरतं.

सी-३०१ गायधनी ताई (५:२२): मानसी, शनिवारी मी येते तुझ्याबरोबर वळणापर्यंत. कुत्री मला ओळखतात. मी चालेन, तू पळ. आठवडाभर माझ्याबरोबर दिसलीस की तुझ्या मागे लागणार नाहीत.

ए-२०४ निकम वहिनी (५:२५): मी पण येते गं, टॉर्च आणते. पळणार मात्र नाही

सेक्रेटरी बोरस्ते (५:४०): उत्तम. तर असे ठरले समजावे की सकाळी सहापूर्वी सी-विंगच्या बाजूने कोणी पळणार नाही. सर्वांचे आभार.

सी-१०२ जोगळेकर काका (५:४३): मी बंदी मागितली नव्हती. आवाजाचं बोललो होतो. प्रत्येक गोष्टीचा नियम करायची तुम्हाला घाई, मोटार सोडून.

सेक्रेटरी बोरस्ते (५:४५): काका, तुमच्यासाठीच केला नियम.

ए-५०१ पाटील काका (५:५०): पळणे टाळा. गुडघे जातात. चालणे हाच सर्वोत्तम व्यायाम.

सी-१०२ जोगळेकर काका (५:५२): पाटील, तिसऱ्यांदा.

शनिवार

बी-६०३ मानसी (६:३१): नडगी आता दुखत नाही, म्हणून आज गेले. गायधनी ताई, निकम वहिनी, थँक्यू. सोमेश्वरच्या दिशेने जाऊन आलो, कुत्री शेपूट हलवत बरोबर आली. काका, येताना एकदाच तुमच्या खिडकीखालून गेले, लहान पावलांनी. आवाज आला का?

सी-१०२ जोगळेकर काका (६:३८): पावलांचा नाही आला. हिला जाग आली नाही. पाढा ऐकू आला. एकोणतीस सक बरोबर होतं.

सी-१०२ जोगळेकर काका (६:३९): मोटार मात्र पाचलाच लागली.

सेक्रेटरी बोरस्ते (६:५५): बघतो काका.