जुन्या चर्चच्या भिंतीवर मराठी वचन नको, हा कुठला नियम?

कृष्णाकाठची: वाईच्या बाजूला आमचं इंग्रज आमदानीतलं चर्च आहे. आतल्या संगमरवरी पाट्या सगळ्या इंग्रजीत. कुणी कॅप्टन तापाने गेला, कुणाचं तान्हं बाळ गेलं. माझी आजी त्यांच्याखाली बसून आयुष्यभर मराठीत प्रार्थना करत आली, तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. यंदा मंडळीने ठरवलं, वेदीशेजारी बायबलमधले ‘शब्द देही झाला’ एवढे तीन शब्द रंगवायचे. इमारत वारसा यादीत, म्हणून परवानगी नाकारली. ‘मूळ स्वरूप’ बदलतं म्हणे. मग मूळ स्वरूपात आम्ही कुठे आहोत?

चुन्याचा घाणा: ताई, दुखणं खरं आहे, पण रंगवू नका. मी जुन्या वाड्यांची डागडुजी करतो. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. ऑइलपेंट लावलात की ती ओल आत कोंडते, चार पावसाळ्यांत पोपडे धरतात आणि गिलाव्यासकट अक्षरं खाली येतात. सिमेंटने तर दगडाला लोणा लागतो. गोव्यात बॉम जीझस या जुन्या चर्चचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढला, जांभा उघडा पडला, आता तो पावसात झिजतोय. वचन लाकडी पाटीवर लिहून स्टँडवर ठेवा.

कृष्णाकाठची: दादा, स्टँडवरची पाटी म्हणजे पाहुण्याला दिलेली खुर्ची. कॅप्टनची पाटी भिंतीत आणि आमची स्टँडवर?

माहुलीकर: मी ख्रिस्ती नाही, तरी ठाम विरोध. आज वचन, उद्या देणगीदारांची नावं, परवा टाइल्स. आमच्या गावच्या देवळात हेच झालं, कोरीव खांबांना चकचकीत रंग फासलाय. बघवत नाही. भक्ती दाखवायला भिंतच कशाला? ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तो अभंग-भजनांवर. गा की!

कृष्णाकाठची: गातोच, टाळ-मृदंगासकट. पण टिळकांचं नाव घेऊन आम्हाला भिंतीपासून लांब ठेवू नका. त्यांची सगळी धडपड ख्रिस्त मराठी मातीत रुजावा म्हणून होती. बॉम जीझस पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तरी तिथे मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, होते. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्यातलं १६वं कलम तर संरक्षित प्रार्थनास्थळाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत नको म्हणतं. उपासनेच्या भिंतीवर उपासनेचं वचन विसंगत कसं?

माहुलीकर: कलम वापराबद्दल बोलतं, रंगकामाबद्दल नाही. आणि तुमची इमारत वारसा यादीतली, तो कायदा तिला लागू होईलच असं नाही. माझं मत तेच.

चुन्याचा घाणा: रंग सोडा. इतर पाट्यांच्या मापाची संगमरवरी पाटी मराठीत कोरून घ्या. पितळी खिळे दगडात नाही, सांध्यातल्या चुन्यात. उद्या काढली तर भोक चुन्याने बुजतं, दगडाला ओरखडा नाही. अर्जाला भिंतीचा नकाशा आणि खिळ्यांच्या जागा जोडा.

कृष्णाकाठची: हे पंचांपुढे ठेवते. पण पाटी वेदीशेजारीच, मागे दाराजवळ नाही.

माहुलीकर: वेदीशेजारी नको, तिथली रिकामी भिंतच त्या चर्चची शोभा आहे.

कृष्णाकाठची: रिकामी नाही ती, दादा. आजी तिथेच टेकून बसायची.