मदत हवी आहे: ‘गो 92.5’ ते ‘रेडिओ वन 94.3’, गाण्यांची भाषा नेमकी कधी बदलली?

नमस्कार. ठाण्यात ऐकू येणाऱ्या मुंबईच्या खाजगी एफएम केंद्रांपैकी ‘गो 92.5’ या त्या मानाने लहान केंद्राचे स्वरूप कसकसे बदलत गेले, याचा कालक्रम मी जुळवत आहे. एका टप्प्यावर गाडे अडले आहे.

1993 पासून आकाशवाणीच्या एफएमवर खाजगी कंपन्यांना ठरावीक तास मिळत, त्यांत पुढे ‘गो’ सुरू करणारा मिड-डे हा वृत्तपत्र समूहही होता. ती व्यवस्था 1998 मध्ये संपली आणि 2002 मध्ये मुंबईत स्वतंत्र खाजगी केंद्रे सुरू झाली. इतरांची मदार हिंदी चित्रपटगीतांवर असताना ‘गो’ने इंग्रजी गाणी पुढे केली. परवाना शुल्क मात्र, उत्पन्न कितीही असो, दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढत होते, त्यामुळे मोजक्या श्रोत्यांवर केंद्र चालवणे परवडणारे नव्हतेच. ‘विन 94.6’ तर बंदच पडले. 2005 च्या धोरणाने महसुलाच्या 4 टक्के शुल्काची पद्धत आणली. पुढे ‘गो’चे ‘रेडिओ वन’ झाले, फ्रिक्वेन्सी 94.3 झाली, गाणी हिंदी झाली आणि काही वर्षांनी पुन्हा इंग्रजी.

नाव, फ्रिक्वेन्सी आणि भाषा हे तिन्ही बदल एकदमच झाले, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. घोडबंदर रस्त्यावरील घरी खिडकीच्या गजाला तार बांधून (त्याशिवाय तिथे खरखरच जास्त) भरलेली एक कॅसेट माझ्याकडे आहे. तिच्यावर बॉलपेनने फक्त ‘गो’ लिहिले आहे, तारीख नाही. तीत दोन हिंदी गाण्यांच्या मध्ये ‘92.5’ची जिंगल स्पष्ट ऐकू येते. म्हणजे निदान काही हिंदी गाणी फ्रिक्वेन्सी बदलण्याआधीच वाजू लागली होती. ती अधूनमधून लागत की दिवसभर, एवढे एका कॅसेटवरून ठरवता येत नाही.

2003 ते 2007 या काळातील तारीख टाकलेल्या कॅसेट कुणाकडे असल्यास, जिंगलमध्ये कोणते नाव व कोणता आकडा येतो आणि तिच्या आगेमागे कोणत्या भाषेतील गाणी आहेत, एवढे कळवले तरी पुरे. तसेच ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा जवळपासच्या अन्य ग्रंथालयात त्या वर्षांच्या इंग्रजी दैनिकांचे बांधीव अंक पाहायला मिळतात का, आणि त्यासाठी सभासदत्व लागते का, हेही कृपया सांगावे. केंद्राच्या नव्या नावाची जाहिरात कुणी जपून ठेवली असल्यास तिचे छायाचित्र, वृत्तपत्राची तारीख दिसेल अशा रीतीने, इथेच द्यावे.