मराठीत म्हणे नुसतं 'गप रे'!

उंबरठा : परवा 'तर्कट' यांनी लिहिलं, "इंग्रजीत चुकीच्या युक्तिवादांना स्ट्रॉ मॅन वगैरे नेमकी नावं आहेत, मराठीत नुसतं 'गप रे'." तेव्हापासून डोक्यात भुंगा. आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले आणि त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. सभेत सेक्रेटरी ताडकन उठले, "हे आले नि लिफ्ट गेली!" मागच्या खुर्चीवरून एक आजोबा एवढंच म्हणाले, "कावळा बसला वाटतं फांदीवर." सगळे फिसकन हसले, विषय संपला. तिथे 'पोस्ट हॉक एर्गो प्रॉप्टर हॉक' (नंतर घडलं म्हणजे त्यामुळेच घडलं) म्हणून बघा, लिफ्टच्या आधी तुम्हालाच दुरुस्तीला नेतील. शिवाय वडाची साल पिंपळाला आहे, बादरायण संबंध आहे, आपला तो बाब्या आहे. किती हवेत?

तर्कट : म्हणी नाहीत असं मी कुठे म्हणालो? नेमकी नावं नाहीत म्हणालो. 'बाब्या' दुटप्पीपणाला म्हणतात, तो स्वभावाचा दोष झाला. माझं वाक्य वाकवायचं आणि मग वाकवलेलंच झोडपायचं, हाच तो स्ट्रॉ मॅन. सांगा मराठीत.

हिरवी मिरची : बुजगावणं.

तर्कट : कोण म्हणतं असं? आत्ता पाडलात शब्द.

हिरवी मिरची : मग? परवाना लागतो का पाडायला?

जुनी वही : बादरायण हे व्यासांचं नाव असलं, तरी बादरायण संबंधात त्यांना ओढू नका हो कुणी. पाहुणा येऊन यथेच्छ जेवतो, यजमान नातं विचारतो, तर म्हणे तुमच्या दारात बोरीचं झाड, आमच्या गाडीचं चाक बोरीचं! बदरी म्हणजे बोर. आणि नेमकेपणाच हवा तर न्यायसूत्रं, म्हणजे तर्कशास्त्राचा जुना संस्कृत ग्रंथ, उघडा : 5 हेत्वाभास (फसवी कारणं), 3 छल (शब्दांचा विपर्यास), 24 जाती (पोकळ आक्षेप), 22 निग्रहस्थानं (वादात हरण्याच्या जागा). स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडायची, ती वितंडा. वितंडवाद शब्द आपण वापरतोच की.

तर्कट : संस्कृत काढलंत म्हणजे मराठी संपली. बरं, वितंडवाद दिला. एक.

फणसाचा गरा : उंटावरच्या शहाण्याला सगळे विसरले! म्हशीचं डोकं रांजणात अडकतं, हे महाशय उंटावरून उतरणार नाहीत म्हणून दार पाडतात, आणि आत येऊन सल्ला काय, तर आधी डोकं कापा, मग रांजण फोडा. आमच्याकडे नवा फ्रिज स्वयंपाकघरात जाईना. मेहुण्यांनी सुतार बोलावून चौकटच काढवली. फ्रिज आणणारा पोरगा चहा पिऊन वर आला नि म्हणाला, "काका, फ्रिजचं दार निघतं की." साडेचार हजार मी भरले. मेहुणे अजून म्हणतात, हवा किती खेळती झाली!

उंबरठा : म्हैस नाही, वासरू. शिंगांसकट डोकं रांजणात जाईल कसं?

फणसाचा गरा : म्हणूनच अडकलं ना! आमची आजी खोटं सांगायची का?

उंबरठा : आजीला मध्ये आणू नका. शिंगं मोजा.

हिरवी मिरची : आणि रांजण नव्हे, डेरा.

फणसाचा गरा : पुणेकर दिसताय उंबरठा. सगळ्यांना शिकवायचं.

उंबरठा : मी लातूरचा. वडाची साल पिंपळाला लावून दाखवलीत, आभार.

तर्कट : मूळ मुद्दा आठवतोय का कुणाला?

जुनी वही : आईला फोन करून विचारलं. म्हणाली, रेडकू.

फणसाचा गरा : म्हणजे म्हशीचंच!

उंबरठा : म्हणजे बिनशिंगाचंच!