लँकेस्टर वैमानिकाचं लॉगबुक आणि त्याच्या आठवणी यांचा मेळ कसा घालायचा?

जुनीपानं
दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या एका लँकेस्टर (बॉम्बफेकी विमान) वैमानिकाचं १९४४ चं लॉगबुक म्हणजे उड्डाणांची नोंदवही आणि त्याने उतारवयात सांगितलेल्या आठवणींचं ध्वनिमुद्रण, या दोन्हींवरून त्याच्या सेवेची नोंद तयार करायची आहे. काही ओळी लाल शाईत आहेत, काही हिरव्या. एका ओळीपुढे 'डीएनसीओ', दुसरीकडे नुसतंच 'गार्डनिंग'. आठवणीत मोहिमा ३२, लॉगबुकातला आकडा ३० वर थांबतो. खरं कुठलं धरायचं?

नभपट
लाल शाई म्हणजे रात्रीची मोहीम, हिरवी म्हणजे दिवसाची. सराव आणि चाचणी उड्डाणं साध्या निळ्या-काळ्या शाईत. म्हणून स्कॅन रंगीतच करा, कृष्णधवल केलंत तर अर्धी माहिती तिथेच गेली. 'डीएनसीओ' म्हणजे 'ड्यूटी नॉट कॅरीड आउट', कामगिरी पूर्ण न होता विमान परतलं. 'गार्डनिंग' म्हणजे समुद्रात सुरुंग पेरणं. सुरुंगांना 'व्हेजिटेबल्स' म्हणत आणि पेरणीच्या क्षेत्रांना झाडाफुलांची सांकेतिक नावं होती.

३० आणि ३२ दोन्ही बरोबर असू शकतात. सेवेची पहिली फेरी ('टूर') साधारण ३० मोहिमांची असे. नवा वैमानिक आपल्या क्रूसह जाण्याआधी एकदोनदा अनुभवी क्रूबरोबर 'सेकंड डिकी', म्हणजे शिकण्यासाठी सोबत बसणारा दुसरा वैमानिक, म्हणून जाई. ती उड्डाणं स्वतःच्या मोजणीत धरायची की नाही, यात फरक पडतो. शिवाय १९४४ च्या वसंतात फ्रान्समधली बरीच लक्ष्यं एक तृतीयांश मोहीम म्हणून मोजायचे. ३ मेच्या रात्री फ्रान्समधल्या माई-ल-काँवरच्या हल्ल्यात ४२ लँकेस्टर गमावली, त्यानंतर तो नियम मागे घेतला. त्यामुळे आकड्यांच्या कडेला अपूर्णांक दिसतो का ते भिंगाने बघा.

कागदवेडा
पडताळणीसाठी लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधली 'एअर २७' ही मालिका काढा. त्यात स्क्वाड्रनची (हवाई तुकडीची) दप्तरं आहेत: फॉर्म ५४० म्हणजे दिवसवार सारांश, फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक विमानाचा क्रू, उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ. क्रूमधल्या सातही जणांची नावं तिथे मिळतात.

चुका दोन ठिकाणी होतात. एक, तारीख: विमान संध्याकाळी उडून दुसऱ्या दिवशी पहाटे उतरतं, म्हणून '३०/३१ मार्च' अशी दुहेरी तारीखच लिहा. दोन, विमानाचं अक्षर, म्हणजे स्क्वाड्रनमधलं त्याचं ओळखअक्षर. 'एस' अक्षराचं विमान पडलं की तेच अक्षर नव्या विमानाला मिळे. नुसत्या अक्षरावरून विमान ठरवू नका, अनुक्रमांक जुळवा.

पदकांवर भिस्त नको. ब्रिटिशांनी दिलेल्या या युद्धातल्या स्टार पदकांवर नाव कोरलेलं नसतं.

जुनीपानं
आभार. लॉगबुकात एक छायाचित्रही आहे, सगळा धूर आणि उजेडाच्या वेड्यावाकड्या रेघा. खाली पांढऱ्या अक्षरांची पट्टी.

नभपट
ते 'एमिंग पॉइंट', म्हणजे बॉम्बफेकीच्या वेळी घेतलेलं लक्ष्याचं छायाचित्र असणार, तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद. पट्टीवर तारीख, 'एनटी' म्हणजे रात्र, इंचांमध्ये भिंगाचं नाभीय अंतर, फुटांमध्ये उंची, बाणापुढे दिशा, वेळ, लक्ष्य, बॉम्बभार, वैमानिकाचं नाव, विमानाचं अक्षर आणि स्क्वाड्रन असा ऐवज असतो. ६०० डीपीआयला स्कॅन करा, पट्टी कापू नका.

हे छायाचित्र मिळायचं तर बॉम्ब सुटल्यावरही साधारण अर्धं मिनिट, बॉम्ब जमिनीवर पोचेपर्यंत, विमान सरळ आणि समपातळीत धरावं लागे. भार गेल्याने विमान वर उसळतं, खालून तोफा चालू, आणि वळता येत नाही. ध्वनिमुद्रणात हे क्षण आलेत का ते ऐका. लॉगबुकात त्यांच्यासाठी रकानाच नाही.

दप्तरदार
लॉगबुक पूर्ण उघडून काचेखाली दाबू नका, शिवण सुटते. दोन्ही बाजूंना फोमचे उतार ठेवून जेमतेम १२० अंश उघडा आणि वरून फोटो काढा. हात स्वच्छ, कोरडे. सुती हातमोज्यांनी पानाच्या कडा फाटतात, छायाचित्रांना मात्र नायट्राइलचे घाला. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. लाल शाई ओलाव्याने पसरते. सोबत त्याचं जुनं घड्याळ किंवा होकायंत्र असेल तर उघडू नका, तबकडीवरच्या रंगात रेडियम असू शकतं.

आठवणी कागदाप्रमाणे दुरुस्त करू नका. बोलला तसं उतरवा, समोरच्या रकान्यात फॉर्म ५४१ काय म्हणतो ते लिहा. लक्ष्याचं नाव चुकलं असेल, पण सर्चलाइटचा निळसर झोत कॉकपिटमध्ये शिरल्यावर उपकरणं दिसेनाशी झाली हे फॉर्म ५४१ सांगणार नाही.