मदत हवी आहे: खुणेचा प्रयोग, अंदाजाने येणारी उत्तरं कशी टाळायची?

मंडळी, लातूरच्या बारावीच्या वर्गात टल्विंग-पर्लस्टोन या मानसशास्त्रज्ञांचा १९६६ चा स्मरणाचा प्रयोग मराठीत घ्यायचाय. मुलांनी शब्दांची यादी ऐकायची आणि नंतर आठवतील ते शब्द लिहायचे. यादीत धान्य, अवजारं असे १२ गट, प्रत्येकी ४ शब्द. निम्म्या मुलांना कोरा कागद, निम्म्यांना गटांची नावं छापलेला. खूण, म्हणजे गटाचं नाव, नसली की अख्खा गटच सुटतो. नंतर नाव दाखवलं की शब्द परत येतात, म्हणजे ते पुसले गेलेच नव्हते. मुलांना हे स्वतःच्या कागदावर दिसायलाच हवं.

अडचण अशी, 'धान्य' वाचलं की आपल्याकडचं पोरगं यादी न आठवताही ज्वारी लिहिणार. म्हणून राळे घेतलंय. अवजारांत विळा नको, कोळपं चालेल. भाज्या आणि दागिने यांसाठी ओळखीचे, पण चटकन न सुचणारे शब्द सांगाल का? यादी न ऐकलेल्या तुकडीकडून अंदाजाचा आकडा काढून वजा केला तर पुरेल?