मदत हवी आहे : ‘कँडिड’ला मराठीत काय म्हणावे?

एका मुलाखतीचा अनुवाद करताना ‘कँडिड’ या इंग्रजी विशेषणापाशी मी अडलो आहे. लॅटिनमधील ‘कँडिडस’, म्हणजे लखलखीत पांढरा, या शब्दापासून ते आले. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभे राहणारे खडूने पांढरा केलेला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र, घालत, म्हणून उमेदवार ‘कँडिडेट’ झाला. इंग्रजीत पुढे शुभ्रता मागे पडून निष्कपट, मनमोकळा हा अर्थ रूढ झाला. ‘स्पष्टवक्ता’ म्हटले की बोलण्याला धार येते, जी मूळ वाक्यात नाही. ‘प्रांजळ कबुली’ मला चपखल वाटते, परंतु ‘कँडिड फोटो’ला, म्हणजे नकळत टिपलेल्या छायाचित्राला, ‘प्रांजळ’ म्हणवत नाही. दोन्हीकडे शोभेल असा शब्द आपल्या वापरात असल्यास तो वाक्यासह कृपया सांगावा.