मागच्या गेटवरील वाढदिवस आणि तो व्हिडिओ : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

बी-४०३ : काल रात्री मागच्या गेटसमोर झालेल्या वाढदिवसाचा व्हिडिओ मी सकाळी ग्रुपवर टाकला आहे. दुचाकीच्या सीटवर ठेवलेला केक कोयत्याने कापला जात आहे आणि कोयता धरणारा मुलगा आपल्याच आवारात वाढलेला आहे. हा व्हिडिओ परिसरातील सर्व ग्रुपवर पाठवावा आणि त्या मुलांना आवारात येण्यास बंदी करावी, असा माझा प्रस्ताव आहे.

सी-२०१ : दादा, तुमची मुलगी रात्री नऊला क्लासवरून त्याच गेटने येते, त्यामुळे तुमची काळजी मी समजू शकते. तरीही तो व्हिडिओ कृपया येथून काढून टाकावा. तो पोलीस चौकीत आपण दोघे मिळून देऊ, मात्र पुढे पाठवू नये. तपास किंवा चौकशी सुरू असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे. शिवाय, पंधराव्या वर्षी ज्याच्या नावावर गुंड असा शिक्का सगळ्या वस्तीने मारला, त्याला आपलेसे म्हणणारा एकच माणूस उरतो, आणि तो म्हणजे टोळीचा भाई.

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळाची मी तीन वर्षे सदस्य होते. तेथे आलेल्या मुलांपैकी कोणीही पहिल्याच दिवशी हातात कोयता घेतलेला नव्हता. आधी टपरीवरचे बिल कोणीतरी भरले, मग भाईच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत फोटो लागला, मग फिरवायला दुचाकी मिळाली आणि त्यानंतर एका संध्याकाळी ‘एवढे पाकीट पोहोचवून ये’ असे सांगण्यात आले. घरी दिवसभर ज्याच्याशी कोणी दोन शब्द बोलत नाही, त्याला तेथे नावाने हाक मारून शेजारी बसवले जाते. त्या मुलाला पैशांपेक्षा ही हाकच मोठी वाटते, असे मी अनेकदा पाहिले.

आणि प्रत्येकाला एक वाक्य ऐकवलेले असते : ‘तुला अठरा पूर्ण नाहीत, तुला काही होत नाही.’ हे वाक्य मुलांना फसवते. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. उलट, मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या माणसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार किमान ३ आणि कमाल १० वर्षांची शिक्षा होऊ शकते. म्हणून पोलिसांना मुलाचे नाव सांगून थांबू नका. केक कोणी आणला, दुचाकी कोणाची होती आणि कोयता कोणी दिला, हेही आवर्जून सांगा.

ए-५०५ : ताईंचे म्हणणे मला पटते. माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरातला पगार थांबला. गिरणीत बदलीवर लागण्याची वाट पाहणारी आमच्या वयाची मुले नाक्यावर बसू लागली आणि टोळ्यांना ती तेथे आयती सापडली. माझ्या शेजारचा मुलगा उत्तम कबड्डी खेळत असे. तो कोणाबरोबर फिरतो, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होते; पण त्याच्या आईशी बोलायला कोणी गेले नाही, मीही गेलो नाही. ती गोष्ट मला आजही टोचते.

बी-४०३ : व्हिडिओ काढून टाकला आहे. मी रागाच्या भरात लिहिले होते. परंतु केवळ समजूत काढून हा मुलगा थांबेल का? त्याने नववीनंतर शाळा सोडली आहे आणि दिवसभर तो मोकळाच असतो.

सी-२०१ : केवळ समजुतीने थांबणार नाही, दादा. त्याचा दिवस भरला पाहिजे. १७ नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून दहावीला बसता येईल. त्याला कोणी धमकावत असेल, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइन क्रमांकावर मदत मागता येते. मात्र ‘आता येणार नाही’ असे भाईला तोंडावर सांगायला त्याला एकट्याला पाठवू नये, कारण टोळीतून बाहेर पडणाऱ्या मुलाला खरा धोका त्याच दिवसांत असतो. त्याला काही महिने मामाच्या गावी ठेवता येईल का, हे मी त्याच्या आईला विचारणार आहे.

ए-५०५ : गणित आणि विज्ञान मी शिकवेन. क्लबहाऊस सायंकाळी सात ते नऊ बंदच असते. ते या मुलांसाठी उघडावे. मागच्या वस्तीतील मुलांनाही येऊ द्यावे.

सचिव : क्लबहाऊसची किल्ली उद्यापासून काकांकडे राहील. रविवारच्या सभेत वस्तीतील मुलांचा विषय पहिला घेऊ, कारण त्यावर काही सभासदांची हरकत येईल.

सी-२०१ : आत्ताच त्याच्या आईशी बोलले. त्या म्हणाल्या की नवे बूट कोठून आले, हे विचारण्याची त्यांना महिनाभर भीती वाटत होती. काका, उद्या साडेसहाला आपण दोघे त्यांच्याकडे जाऊ. दादा, तुम्हीही आलात तर बरे होईल. तो लहान असताना तुमच्याकडेच सायकल शिकला होता.

बी-४०३ : येतो.